कंसांतून कोष्टकाकडे

महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि पहिली ते आठवीच्या निकालपत्रकांतून पास-नापास जाऊन श्रेण्या आल्या. ९१ पासून पुढे अ-१, ८१ ते ९० अ-२, मग दहा-दहा गुणांच्या पायरीने ब-१, ब-२, क-१, क-२, त्याखाली ३३ ते ४० ड, २१ ते ३२ इ-१ आणि २० किंवा त्याहून कमी असतील तर इ-२. एकूण नऊ श्रेण्या.

त्या सुमारास एप्रिलअखेरीस मी एका शाळेच्या संगणकावर निकालपत्रक बसवून देत होतो. मशीन जुनं, त्यावर एक्सेल २००३. शेकडा गुणांच्या शेजारच्या रकान्यात इफ लिहायला घेतला. ९१ किंवा जास्त असतील तर अ-१, नाहीतर पुन्हा इफ. ८१ किंवा जास्त असतील तर अ-२, नाहीतर पुन्हा इफ. असं करत आठ इफ झाले, नववी श्रेणी उरलेल्यांची, आणि शेवटी ओळीने आठ कंस बंद. सूत्र चाललं. खाली ओढलं, वर्गाच्या श्रेण्या भरल्या. तेवढ्यात मागून वर्गशिक्षिका म्हणाल्या, "सर, परीक्षेला नसलेल्या मुलांपुढेही इ-२ येतंय. तिथे रिकामंच राहू दे ना."

बरोबर होतं त्यांचं. तुलना करताना एक्सेल रिकाम्या सेलला शून्य धरतं, आणि शून्य गुण म्हणजे इ-२. मी सुरुवातीलाच आणखी एक इफ घातला: सेल रिकामा असेल तर काहीच लिहू नको. एंटर मारलं तर सूत्रात चूक आहे असा निरोप. कंस मोजले. पुन्हा मोजले. कंस बरोबर होते. इफ नऊ झाले होते.

एक्सेलच्या २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये एका फंक्शनच्या पोटात फार तर सात पातळ्या मावत. बाहेरचा एक इफ आणि आत सात, इथे दार बंद. ही मर्यादा एकट्या इफची नव्हती. सर्वांत आतल्या इफमध्ये गुण पूर्णांकात आणायला राउंड घातलं, तर तेही एक पातळी खायचं. शिवाय अख्खं सूत्र १,०२४ अक्षरांत बसवावं लागे. ज्यांचं काम दोन-तीन अटींत भागायचं त्यांना हे कधी कळलंही नाही. एमएस-सीआयटीच्या वर्गात इफ शिकताना उदाहरण बहुधा पास-नापासचंच असे, आणि त्याला एक इफ पुरतो. पण पगारपत्रक, करमोजणी, व्याजाचे टप्पे, निकाल अशी कामं करणारा प्रत्येक जण कधी ना कधी या भिंतीला डोकं आपटायचा, आणि त्यातूनच पळवाटांची एक अख्खी विद्या तयार झाली. पुस्तकांपेक्षा ती एकाच्या फायलीतून दुसऱ्याच्या फायलीत जास्त पसरली.

सगळ्यात साधी वाट सूत्र तोडण्याची. पहिल्या रकान्यात वरच्या श्रेण्या, त्यात काही सापडलं नाही तर दुसऱ्या रकान्यात खालच्या. दुसरी वाट मला आजही देखणी वाटते. एका इफच्या पोटात दुसरा घालायचाच नाही, दोघांना शेजारी उभं करायचं. प्रत्येक इफ आपली एकच अट तपासतो, जमली तर श्रेणी देतो, नाही तर रिकामी अक्षरं, आणि मध्ये जोडणीचं चिन्ह घालून सगळे एका माळेत ओवायचे. आठ रिकाम्या तुकड्यांना एक भरलेला तुकडा चिकटला की उत्तर तेवढंच उरतं. आकडे हवे असतील तर जोडणीच्या जागी बेरीज. अट एकच की टप्पे एकमेकांवर चढता कामा नयेत, नाहीतर एका मुलाला दोन श्रेण्या चिकटतात. तिसरी वाट नावांची: सात पातळ्यांचा एक तुकडा सूत्र म्हणूनच एखाद्या नावाखाली साठवायचा आणि मुख्य सूत्रात ते नाव घ्यायचं. त्या नावाला स्वतःच्या सात पातळ्या मिळतात. हे चालतं, पण मला ते कधी रुचलं नाही. नियमाचा अर्धा भाग अशा जागी जातो की पत्रक हातात घेतलेल्या माणसाला तो दिसतच नाही.

या सगळ्यांत खरी वाट वेगळीच होती, आणि ती मला त्याच शाळेच्या कार्यालयात एका पुस्तकाकडे बघताना उमगली. वरिष्ठ लिपिकांच्या टेबलावर रेडी रेकनर असायचं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. पगाराचा आकडा आला की ते पान उलटायचे, बोट ओळीवर खाली सरकवायचे आणि शेजारचा आकडा उतरवून घ्यायचे. इतके असतील तर तितके, नाहीतर असं मनाशी घोकत ते कधी बसले नाहीत. तिथी हवी असेल तर आपणही पंचांग उघडतो, सूर्यचंद्राची गती मांडत बसत नाही.

व्हीलुकअप म्हणजे हे बोट. वेगळ्या शीटवर दोन रकाने करायचे. डावीकडे प्रत्येक श्रेणीची खालची हद्द, चढत्या क्रमाने: ०, २१, ३३, ४१, ५१, ६१, ७१, ८१, ९१. उजवीकडे त्या त्या श्रेणीचं नाव. मुलाचे गुण द्यायचे, कोष्टक दाखवायचं, दुसऱ्या रकान्यातलं उत्तर आण म्हणायचं, आणि शेवटी तंतोतंत जुळणी नको, जवळची चालेल असं सांगायचं. ७६ गुणांना ते ७१ च्या ओळीवर थांबतं, कारण ८१ अजून आलेलं नसतं. आठ इफ गेले, आठ कंस गेले. गैरहजर मुलासाठी बाहेर एक इफ पुरे.

जवळच्या जुळणीत हे बोट वरून खाली एकेक ओळ वाचत नाही. कोष्टकाच्या मध्यावर जातं, आपला आकडा वरच्या अर्ध्यात की खालच्या हे ठरवतं, मग त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. शब्दकोश उघडतो तसं. दहा लाखांहून मोठं कोष्टकही अशाने विसेक तुलनांत संपतं. म्हणूनच चढता क्रम मोडला तर ते चूक न दाखवता खुशाल चुकीचं उत्तर देतं, आणि शेवटचा शब्द लिहायचा राहिला तर जवळची जुळणीच धरतं. ही विद्या वापरणाऱ्याने एवढी एक गोष्ट तरी मनात पक्की ठेवावी.

कोष्टकात बघण्याची ही रीत स्प्रेडशीटइतकीच जुनी आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी १९७९ साली ॲपल टू संगणकासाठी व्हिसिकॅल्क काढलं, तेव्हापासून त्यात लुकअप आहे. फ्रँक्स्टन स्वतःच्या आयकराचा हिशोब त्यावर करू पाहत होते आणि कराचं कोष्टक वाचणारं काहीतरी त्यांना हवं होतं. गरज तीच, लिपिकांच्या टेबलावरची.

कराचा एक नमुना इथे उलगडून दाखवतो, कारण त्यात इफही नाही आणि लुकअपही नाही. २०२५-२६ च्या नव्या कररचनेत चार लाखांपर्यंत कर शून्य, नंतर दर चार लाखांना दर पाच टक्क्यांनी चढतो आणि चोवीस लाखांच्या वर ३० टक्के होतो. सात टप्पे, म्हणजे सहा इफ, आणि प्रत्येकात मागच्या टप्प्यांचा साठलेला कर. त्याऐवजी असं बघा: ४, ८, १२, १६, २० आणि २४ लाख या प्रत्येक हद्दीच्या वर जेवढं उत्पन्न जातं, त्यावर पाच टक्के. १८ लाखांचं उत्पन्न चारच्या वर १४, आठच्या वर १०, बाराच्या वर ६ आणि सोळाच्या वर २ लाख. बेरीज ३२ लाख, तिचे पाच टक्के एक लाख साठ हजार. टप्प्याटप्प्याने मोजून पाहा, आकडा तोच येतो. अधिभार आणि सूट त्यानंतरची. एक्सेलमध्ये हद्दी आणि दरांतली वाढ असे दोन रकाने करून समप्रॉडक्ट लावलं की झालं.

पुढे मर्यादाच उठली. एक्सेल २००७ मध्ये सातच्या ६४ पातळ्या झाल्या आणि १,०२४ अक्षरांची ८,१९२. नंतर इफ्स आणि स्विच आले, त्यांत अटी एकापुढे एक लिहिता येतात. सोय मोठी झाली, आणि तिच्याबरोबर मी अशी सूत्रं पाहिली की वाचायला स्क्रीन पुरत नाही. अशी फाइल कुणी जुन्या एक्सएलएस प्रकारात साठवली, तर सातच्या पुढच्या पातळ्यांची सूत्रं जातात आणि त्यांच्या जागी व्हॅल्यूची चूक येऊन बसते. पण माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. व्यवसाय कर घ्या. महाराष्ट्रात महिलांना दरमहा दहा हजारांपर्यंतच्या पगारावर तो माफ होता, एप्रिल २०२३ पासून ती हद्द पंचवीस हजार झाली. ज्यांनी दहा हजार हा आकडा इफच्या पोटात लिहून ठेवला होता, त्यांना बारा महिन्यांची बारा पत्रकं उघडून तो शोधावा लागला. ज्यांच्याकडे कोष्टक होतं, त्यांनी एक सेल बदलला. हाच कर फेब्रुवारीत दोनशेचा तीनशे होतो, त्यासाठी कोष्टकात आणखी एक रकाना पुरतो.

त्या दिवशी शाळेत मी आठ इफ काढून टाकले, नव्या शीटवर कोष्टक लिहिलं, शीटला श्रेणी असं नाव दिलं आणि सूत्र पुन्हा खाली ओढलं. गैरहजर मुलांपुढचे सेल रिकामे झाले. बाई खुर्ची ओढून बसल्या. सकाळपासून सूत्राकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं, त्या लांबलचक ओळीत पाहण्यासारखं त्यांना काही नव्हतंही. कोष्टक मात्र त्यांनी वरून खाली वाचलं आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "सर, ड तेहेतीसपासून ना? तुम्ही पस्तीस लिहिलंय."

पासाचे पस्तीस, वर्षानुवर्षांच्या सवयीने हातातून उतरलेले. काढून टाकलेलं सूत्र मी परत आणून पाहिलं. त्यातही सातव्या इफमध्ये ३५ च होतं. मी कोष्टकात ३३ लिहिलं, आणि यादीतल्या दोन मुलांपुढचं इ-१ जाऊन ड आलं.