कृत्रिम चकती बसवली, तर मान वळेल का?

मानेच्या एमआरआयमध्ये 'चकती सरकली' असे दिसले आणि ऑपरेशनचा विषय निघाला, की जुन्या जालन्यातून येणाऱ्या रुग्णांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'डॉक्टर, मान कायमची जाम होईल का?' मग कुणीतरी महागड्या कृत्रिम चकतीविषयी सांगतो आणि घरात पैशांची जुळवाजुळव सुरू होते. म्हणून ही भीती कितपत खरी आहे, ते आधी पाहू.

मानेत सात मणके असतात. मान डावी-उजवीकडे वळवताना जवळपास निम्मे वळण अगदी वरच्या दोन मणक्यांमध्ये होते आणि तिथे चकतीच नसते. चकती बिघडते ती बहुधा खाली, पाचव्या-सहाव्या किंवा सहाव्या-सातव्या मणक्यांच्या मध्ये. त्यामुळे खालचे दोन मणके जोडले, तरी बहुतेकांना रोजच्या हालचालीत फारसा फरक जाणवत नाही.

चकती काढून मणके जोडण्याची पद्धत १९५०च्या दशकापासून चालत आली आहे. यात त्या एका सांध्याची हालचाल थांबते आणि शेजारच्या चकत्यांवर ताण वाढू शकतो. हा ताण टाळता यावा, म्हणून कृत्रिम चकती आली. अमेरिकेत मानेच्या अशा पहिल्या चकतीला २००७ मध्ये मान्यता मिळाली. ती बसवल्यावर तो सांधा पुढे-मागे सरासरी ७ ते १० अंश हलत राहतो. मान वाकवून काढलेल्या एक्स-रेवर ही हालचाल मोजता येते. काही रुग्णांत मात्र चकतीभोवती नवे हाड वाढते आणि काही वर्षांत हालचाल कमी होते, क्वचित थांबते. तरीही दुखणे परततेच असे नाही, कारण आराम मिळतो तो मुख्यतः नस मोकळी झाल्यामुळे.

कृत्रिम चकती सर्वांना चालत नाही. हाडे ठिसूळ असतील, मणक्यांचे मागचे सांधे फार झिजले असतील किंवा मणके अस्थिर असतील, तर जोडणेच बरे. तेव्हा 'माझ्या मणक्यांना काय योग्य?' हे सर्जनला विचारा. केवळ मान जाम होईल या भीतीने कर्ज काढू नका.

मानेतून हातात उतरणारी कळ बहुतेकांना औषधे आणि व्यायामाने काही आठवड्यांत कमी होते. पण शर्टाची बटणे लावता येईनात, हातातून वस्तू पडू लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर मज्जारज्जू दाबला गेल्याची शक्यता असते. अशा वेळी मालिश करून किंवा मान मोडून घेऊ नका. लगेच जिल्हा रुग्णालयात दाखवा. गरज पडल्यास छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जाण्याची तयारी ठेवा. दाबलेला मज्जारज्जू वेळेत मोकळा झाला नाही, तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही. तिथे चकती कोणती, यापेक्षा उशीर किती झाला, हेच महत्त्वाचे ठरते.