वीज गेली तरी एमआरआयचे चुंबक चालूच!

‘लाइट गेले आहेत, मशीन बंद आहे; मग किल्ल्या खिशात ठेवून आत गेलो तर काय बिघडले?’ एमआरआय विभागाच्या दारात नातेवाईक असा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न साधा वाटतो, पण गैरसमज जिवावर बेतणारा आहे. तपासणी संपो वा वीज जावो, बहुतेक एमआरआय यंत्रांतले चुंबक चोवीस तास चालूच असते. दीड टेस्लाच्या यंत्रात त्याची ताकद पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट असते.

याचे कारण अतिवाहकता. पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की विजेला होणारा त्याचा रोध नाहीसा होतो, हे १९११ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे कॅमरलिंग ऑनेस यांना आढळले. एमआरआयच्या वेटोळ्यातील निओबियम-टायटॅनियमची तारही द्रवरूप हेलियममध्ये अशीच रोधहीन होते. तिच्यात एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहतो.

पण बंद वेटोळ्यात प्रवाह सोडायचा कसा? वेटोळ्याची दोन टोके अतिवाहक तारेच्याच एका तुकड्याने जोडलेली असतात. त्या तुकड्याला छोटा हीटर असतो. हीटर लावला की तुकडा काही अंशांनी तापतो आणि त्यात रोध येतो. त्यामुळे बाहेरून दिलेला प्रवाह वेटोळ्यात शिरतो. तो पुरेसा झाला की हीटर बंद करतात. तुकडा गार होतो, मार्ग पूर्ण जुळतो आणि बाहेरची वीज काढून घेता येते. कोणताही भाग न हलवता चालणारा हा स्विच!

वीजवाहिन्यांतील प्रचंड प्रवाहासाठीही हेच तत्त्व वापरता येते. १९८७ मध्ये सापडलेले यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड तुलनेने स्वस्त अशा द्रवरूप नायट्रोजनमध्येही अतिवाहक राहते. त्याचा केसापेक्षा कितीतरी पातळ थर क्षणार्धात रोध निर्माण करून शॉर्टसर्किटचा प्रवाह आवरू शकतो. मात्र थराचा एखादाच कमकुवत बिंदू आधी तापला, तर तिथेच तो जळू शकतो. म्हणून बाहेरून उष्णतेचा किंवा प्रवाहाचा झटका देऊन सगळा थर एकदम ‘जागा’ करण्याची युक्ती योजतात.

एमआरआयच्या खोलीतील आणीबाणीचे बटणही असेच काम करते. ते दाबताच वेटोळे तापते, अतिवाहकता जाते आणि चुंबकत्व ओसरते. पण त्याच वेळी हेलियम उकळते; एका लिटरचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. तो नळीवाटे इमारतीबाहेर गेला नाही, तर खोलीतला प्राणवायू कमी होतो. म्हणूनच हे बटण शेवटचा उपाय मानायचे.

२०१४ मध्ये नवी मुंबईत दोन कर्मचारी ऑक्सिजन सिलिंडरसह यंत्राला चिकटून सुमारे चार तास अडकले होते. २०१८ मध्ये मुंबईत सिलिंडर आत नेणाऱ्या एका तरुण नातेवाइकाचा जीव गेला.

तेव्हा खोलीत जाण्यापूर्वी किल्ल्या, मोबाइल, हेअरपिन, साडीची सेफ्टी पिन बाहेर ठेवा. पेसमेकर, मेंदूतील क्लिप किंवा डोळ्यात कधी गेलेला लोखंडी कण, यांची माहिती न विचारताही सांगा. सिलिंडर, स्ट्रेचर, व्हीलचेअर तंत्रज्ञाने परवानगी दिल्याशिवाय आत नेऊ नका. दिवे बंद दिसले, तरीही.