शेऱ्याचा रकाना

शनिवारी शाळा सुटली की घरी येऊन लॅपटॉपवर गूगल क्लासरूम उघडते. नववीच्या 41 मुलांचे निबंध आलेले असतात. निबंध म्हणजे वहीच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो. काही तिरके, काहींवर हाताची सावली. या वेळचा विषय होता ‘आमच्या गावचा आठवडी बाजार’.

गुण टाकले की आकडा हिरवा दिसतो. हिरवा म्हणजे कच्चा. ‘रिटर्न’चं बटण दाबेपर्यंत मुलाला तो दिसत नाही. त्याच पानावर खासगी शेरा लिहायला एक चौकट आहे, आणि तिथे लिहिलेलं मात्र लगेच मुलाच्या मोबाइलवर पोचतं. मधल्या या वेळेचा मी उपयोग करते. आधी शेरा पाठवते आणि गुण चार-पाच दिवस अडवून ठेवते.

एका मुलीनं लिहिलं होतं, “बाजारात खूप गर्दी असते आणि खूप मजा येते.” मी विचारलं, “गर्दीतलं एकच माणूस निवड. ते काय करत होतं?” आधी नुसतं “हो बाई” आलं. बुधवारी तिनं काम परत काढून घेतलं आणि नवा फोटो जोडला. आता तिथे वाक्य होतं : “पावतीवाला दिसला की कांदेवाली आजी टोपली पायाशी ओढून घेते.” मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसले. आधीच्या वाक्याला दहापैकी पाच दिले असते, तर तिनं पाच बघून मोबाइल खाली ठेवला असता.

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. संशोधक रुथ बटलर यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या काही मुलांना फक्त गुण मिळाले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झालाच नाही.

आपल्याकडे शेऱ्याला मान नव्हता असं नाही. 2010 मध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी करणं शिक्षकांवर आलं. कल्पना चांगलीच होती. पण पटसंख्या मोठी, विषय अनेक, आणि तयार नोंदींच्या याद्या हाताशी. “वाचन स्पष्ट करतो”, “गटकार्यात सहभागी होतो” अशा ओळी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात उतरत गेल्या. मीही त्या उतरवल्या आहेत, आणि त्याचं मला वाईट वाटतं. मुलाचं नाव झाकलं तर ती नोंद कुणाचीही असू शकत होती.

ऑनलाइन गुणपत्रकात धोका वेगळा आहे. सगळा वर्ग एका तक्त्यात दिसतो, पण दिसतात ते आकडे. शेरे प्रत्येक मुलाच्या पानाआड दडलेले. गुण शीटमध्ये उतरवून घेतले तरी शेरे सोबत येत नाहीत. मूडल या अशाच दुसऱ्या ऑनलाइन प्रणालीत गुण उतरवताना अभिप्रायही घेण्याची सोय आहे. मात्र शेरा वाचून मुलानं काही केलं का, हे तीही सांगत नाही. म्हणून मी वेगळी शीट ठेवते. मुलाचं नाव, शेरा, उत्तर आलं का, लिखाणात काय बदललं. शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण त्यासाठी दोन्ही पानं पुन्हा वाचावी लागतात. एका निबंधाला सहा-सात मिनिटं सहज जातात. शेरा मोठा झाला की मुलं तो अर्ध्यावर सोडतात हेही याच शीटमुळे कळलं. आता एका निबंधाला एकच प्रश्न.

पालकांना एक विनंती आहे. मुलाच्या मोबाइलवर गुण बघाल तेव्हा बोटानं थोडं खाली सरकवा आणि बाईंनी किंवा सरांनी काय विचारलंय ते वाचा. या आठवड्यात 23 मुलांचा शेवटचा रकाना भरला. उरलेल्या 18 जणांना सोमवारी मधल्या सुट्टीत, वही घेऊन, एकेकाला बोलावणार आहे.