स्टुडिओ फोटोचा मेकअप : आरशात छान, फोटोत पांढराफटक का?

मेकअपच्या व्हिडिओवर येणारा प्रश्न ठरलेला आहे. "ताई, आरशात बेस एकदम मस्त दिसतो, पण फोटो आला की तोंडाला पीठ फासल्यासारखं दिसतं." शेवगाव असो, कोपरगाव असो, नाहीतर आपलं सावेडी, तक्रार तीच. व्हिडिओत हात दाखवता येतो, कारण सांगायला वेळ पुरत नाही. म्हणून ते इथे लिहिते.

आपल्या जिल्ह्यात ग्लॅमर शूट म्हणजे मासिकाचं कव्हर नव्हे. प्री-वेडिंग असतं, एखादीचा अभिनयासाठी पोर्टफोलिओ असतो, आणि बऱ्याचदा असतो तो स्थळासाठीचा फोटो. हा शेवटचा हलक्यात घेऊ नका. तो फोटो बायोडेटाबरोबर पन्नास व्हॉट्सॲपवर फिरतो. मग पाहुणे कांदेपोह्याला येतात आणि समोर वेगळीच मुलगी दिसते. त्या वेळी मान खाली कोणाला घालावी लागते? तिला. तुम्ही पैसे घेऊन घरी गेलेल्या असता.

आता कारण. सनस्क्रीनमध्ये आणि एसपीएफवाल्या बऱ्याच फाउंडेशनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असतं. हे घटक उजेड परत फेकतात. उन्हात हे घटक उपयोगी पडतात, पण फ्लॅशसमोर त्यांचं उजेड फेकणं नडतं. 'एचडी' म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्या पावडरीत बहुतेक वेळा सिलिका असते, तिचंही तसंच. आरशात ती दिसतच नाही म्हणून आपण डोळ्यांखाली सढळ हाताने थापतो, आणि फ्लॅश पडला की तिथेच पांढरे चट्टे उठतात. फ्लॅश लेन्सच्या जितका जवळ, तितका हा त्रास जास्त. बाजूला लावलेल्या सॉफ्टबॉक्समध्ये कमी होतो. म्हणून ऑर्डर घेतानाच फोटोग्राफर दादांना विचारा, लाइट कोणता आणि कुठून येणार? विचारायला लाजू नका, उलट ते तुम्हाला जाणकार समजतात.

तपासायची युक्ती फुकटची आहे. बेस आणि पावडर झाली की खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा फ्लॅश चालू करून समोरून फोटो काढा. चेहरा मानेपेक्षा पांढरा दिसला तर जास्तीची पावडर ब्रशने झाडा, ओलसर स्पंज दाबून घ्या, परत फोटो काढा. आयलायनर लावायच्या आधी हे करा. नंतर केलंत तर डोळ्यांचं सगळं काम पुसावं लागतं.

शेडबद्दल मी जरा कडक बोलते. "ताई, दोन शेड गोरं करा" हे मुलीची आईच सांगते. ऐकू नका. आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या त्वचेत पिवळसर किंवा ऑलिव्ह झाक असते. त्यावर गुलाबी-गोरा बेस चढवला की कॅमेऱ्यात तो राखाडी दिसतो, आणि मान, कान, मेंदीचे हात खरा रंग सांगून मोकळे होतात. शेड मनगटावर बघू नका, जबड्याच्या कडेला लावून खिडकीच्या उजेडात बघा. दहा-पंधरा मिनिटं थांबा, कारण काही फाउंडेशन हवा लागली की गडद होतात. आईला समजवायचं असेल तर दोन्ही शेड लावून दोन फोटो दाखवा. वाद तिथेच मिटतो.

चकाकीचंही लक्षात ठेवा. ही अडचण काही आजची नाही. हॉलिवूडमध्ये टेक्निकलर आलं तेव्हा जुन्या तेलकट ग्रीसपेंटवर आजूबाजूचे रंग चमकायला लागले, म्हणून मॅक्स फॅक्टर कंपनीने १९३०च्या दशकात मॅट पॅनकेक काढला. आपल्याकडे तेच काम हिरवीगार पैठणी करते. तिचा रंग हनुवटीखाली उतरतो. तेव्हा हनुवटी, कपाळ, नाकाचे कोपरे मॅट ठेवा, चमक फक्त गालाच्या हाडावर आणि तीही बारीक. लाइट रंग खातो, त्यामुळे ब्लश आणि लिपस्टिक आरशात थोडी जास्त वाटली तरी चालेल. नथ घालायची असेल तर ती बेस झाल्यावर घाला आणि टेकते तिथे परत टचअप करा.

चांगला नमुना बघायचा असेल तर 'बालगंधर्व' (२०११) चित्रपट लावा आणि सुबोध भावेंचा स्त्रीवेश नीट बघा. विक्रम गायकवाड यांना त्या मेकअपसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता आपला धंदा. स्टुडिओचं काम लग्नाच्या दराने घेऊ नका आणि पार्लरच्या दराने तर नाहीच. समजा सामान २५० रुपये, स्पंज-पफ वगैरे वापरून टाकायचं ५०, जाण्यायेण्याचे १५०, आणि तुमचे तीन तास तासाला ३०० ने ९००. झाले १,३५०. हा फक्त खर्च आणि तुमची मजुरी, नफा अजून धरलेलाच नाही. शूट संपेपर्यंत टचअपला थांबायचं असेल तर ते तास आधीच मोजा. अर्धे पैसे तारीख ठरतानाच घ्या.

सामान घेताना स्वस्ताच्या नादात बिनबिलाचं घेऊ नका. बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक आणि मुदत डब्यावर नसेल तर तो डबा कितीही नामांकित नावाचा असो, परत करा. नवीन मुलीला आदल्या दिवशी कानामागे पॅच टेस्ट करा. स्थळाच्या फोटोच्या दिवशी चेहऱ्यावर पुरळ आलं तर शूट जातं, आणि गावात बातमी तुमच्या आधी पोहोचते.

पुढच्या व्हिडिओत दोन शेड मिसळून सावळ्या त्वचेचा बेस कसा बनवायचा ते दाखवते. तुमच्याकडे असलेल्या शेडचे नंबर कमेंटमध्ये टाकून ठेवा, त्यातलेच घेऊ.