निर्मळच्या जत्रेपासून मॅरेथॉनपर्यंत

वसई तालुक्यात माणसे जमवणे कधीच अवघड गेले नाही. कार्तिकात निर्मळची जत्रा, नवरात्रात जीवदानीचा डोंगर, महाशिवरात्रीला तुंगारेश्वर, गावोगावचे चर्चचे सण आणि वर्ष सरताना चिमाजी आप्पा मैदानावरचा कला-क्रीडा महोत्सव. 2011 पासून त्यात मॅरेथॉनची भर पडली. या सगळ्या गर्दीकडे आज मागे वळून पाहताना मला एकाच गोष्टीचा हिशेब घ्यावासा वाटतो. आलेल्या माणसाच्या खिशातला पैसा इथल्या वाडीत, इथल्या होडीत आणि इथल्या बाईच्या हातात किती पोचला?

निर्मळच्या जत्रेपुरते उत्तर सोपे आहे. शंकराचार्यांच्या समाधीमुळे निर्मळ हे तीर्थस्थान झाले आणि कार्तिक वद्य एकादशीपासून पुढचे काही दिवस तिथे जत्रा भरते. ही वेळ शेतकऱ्याच्या सोयीची. भाताची कापणी उरकलेली, हातात थोडा पैसा आलेला, लग्नसराई समोर. बाहेरचा व्यापारी भांडी, कपडे, खेळणी, मिठाई घेऊन यायचा आणि इथला माणूस आपल्या वाडीतला, आपल्या घरातला माल मांडून बसायचा. निर्मळमध्येच होली क्रॉस चर्चही आहे. दर्शनाला हिंदू जात, बाजाराला मात्र कुपारी, वाडवळ, सामवेदी, कोळी, आगरी, भंडारी, आदिवासी असे सगळेच. तालुक्यातले लोक एकमेकांचे गिऱ्हाईक होते, हे या जत्रेचे खरे बळ.

या भागाचा खास माल म्हणजे सुकेळी. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळत घालायची, संध्याकाळी गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची. असे आठवडाभर केले की केळे तांबूस, चिवट आणि गोड होते. मग केळीच्याच वाळलेल्या पानांत आणि सोपटात बांधून त्याचा गठ्ठा करायचा. यात साखर नाही, तेल नाही, यंत्र नाही. लांब, भरलेली राजेळी, कोरडे ऊन आणि न कंटाळता दिवसभर लक्ष ठेवणारी बाई एवढेच भांडवल. मधेच आभाळ भरून आले की केलेली मेहनत वाया. आगाशी आणि आसपासच्या गावांत हा उद्योग घराघरात होता. आज ही घरे कमी झाली आहेत, कारण राजेळीच्या बागाच कमी झाल्या.

समुद्राकडे गेले की सुकवण्याचेच काम, पण बोंबलाचे. अर्नाळा आणि पाचूबंदर या किनाऱ्यांवर बांबूच्या वलांडीवर ओळीने बोंबील टांगलेले असतात. उन्हाळ्यात पापडीच्या आठवडा बाजारात पावसाळ्याची बेगमी करायला गिऱ्हाईक येते आणि सुक्या मासळीचा ढीग बघता बघता संपतो. आठवडा बाजाराला उद्घाटन नसते, पाहुणे नसतात, पण कोळणीच्या घरात पैसा तिथूनच येतो. म्हणून या मागोव्यात मी त्याला महोत्सवांच्या बरोबरीची जागा देतो.

जत्रा आणि बाजार यांच्या पलीकडे वसईच्या मालाला मोठे गिऱ्हाईक मिळाले ते रेल्वेमुळे. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईत बॅकबेपर्यंत लोकल सुरू झाली. 1936 मध्ये विजेची गाडी विरारला पोचली. वसईची केळी, भाजी, विड्याची पाने आणि फुले मुंबईला जाऊ लागली. पहाटेच्या गाडीने फुलांचे भारे घेऊन दादर गाठणारे बागायतदार आजही दिसतात. सोनचाफा, मोगरा, जास्वंद ही फुले झाडावरून उतरल्यावर काही तासांत विकली गेली पाहिजेत. ती विकली जातात याचे श्रेय लोकलला आहे.

माल विकून आलेला पैसा गावात कसा टिकवायचा, याचे उत्तर 1918 साली पापडीला मिळाले. मोन्सेनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक उभी राहिली. शेतकऱ्याला विहीर खणायला, बी-बियाणे घ्यायला, मुलीचे लग्न करायला सावकाराच्या दारात जावे लागू नये, हा अशा पतसंस्थांमागचा विचार. शंभर वर्षे उलटून गेली, बँक आहे आणि वाढली आहे. या तालुक्याच्या आर्थिक इतिहासात या एका घटनेइतके महत्त्व मी दुसऱ्या कशालाच देणार नाही. जत्रेत आलेला पैसा जत्रेबरोबर निघून जाण्याऐवजी ठेव म्हणून राहिला आणि शेजाऱ्याच्या कर्जात फिरला.

मग 1980 नंतरचा काळ. मुंबईत घर न परवडणारा माणूस वसई, नालासोपारा, विरारकडे येऊ लागला. त्याला दोष देता येत नाही, त्याला छप्पर हवे होते. पण इमारतींना पाणी पुरवण्यासाठी वाड्यांमधल्या गोड्या विहिरी टँकरवाल्यांनी उपसायला सुरुवात केली. किनारपट्टीत गोडे पाणी जमिनीखाली थोडेच असते. ते उपसले की समुद्राचे पाणी आत शिरते, विहीर खारी होते आणि पानवेल, केळी तग धरत नाहीत. त्यातच 1988 साली सरकारने मोठा हरित पट्टा बांधकामासाठी मोकळा केला. या विरोधात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, मराठीतले लेखक आणि पुढे 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले दिब्रिटो त्या वेळी गावोगाव सभा घेत होते. टँकर आणि बिल्डर यांच्यामागची दहशत मोठी होती, तरीही हजारो लोक, त्यांत बायका मोठ्या संख्येने, मोर्चात उतरले. 25 जुलै 2024 रोजी फादर गेले. पश्चिम पट्ट्यात आज जी झाडी उरली आहे तिच्यात त्या चळवळीचा मोठा वाटा आहे, असे मी मानतो. सोनचाफ्याची बाग जिवंत आहे म्हणून तर दादरला जायला फूल आहे.

हरित वसईची चळवळ उभी राहिली त्याच सुमारास तालुक्याचा कला-क्रीडा महोत्सव रुजला. तीन दशकांहून अधिक काळ 26 ते 31 डिसेंबर हे दिवस वसईत मुलांचे असतात. कबड्डीपासून रांगोळीपर्यंत स्पर्धा, हजारो खेळाडू आणि कलाकार. अनेक गावांच्या मुलांना मोठे मैदान, पंच, प्रेक्षक पहिल्यांदा इथे मिळाले. व्यापाराच्या दृष्टीने मात्र महोत्सवाचा विचार झालेला मला दिसत नाही. मैदानाबाहेर गाड्या लागतात, चायनीज आणि वडापाव विकला जातो आणि सुकेळीचा गठ्ठा शोधावा लागतो.

3 जुलै 2009 रोजी चार नगरपरिषदा आणि 53 ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. अनेक गावांनी विरोध केला. वाडी असलेल्या माणसाला शहराचा कर आणि शहराचे नियम नको होते. 2011 च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या 12 लाखांवर गेली आणि त्याच वर्षी पहिली मॅरेथॉन धावली. मॅरेथॉनने वसई-विरारचे नाव देशभरातल्या धावपटूंना माहीत झाले, हे खरे आणि आनंदाचे आहे. रस्त्यांच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवणारी गावे पाहिली की या नव्या शहराला स्वतःचा सण सापडला असे वाटते.

गर्दीला आणि बाजाराला खीळ घालणारी वर्षेही आली. 2018 च्या जुलैत मिठागरांतली माणसे पुरात अडकली, घरांत पाणी शिरले आणि लोकल थांबल्या. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. मंदिरे बंद, जत्रा बंद, लोकल सर्वसामान्यांना बंद. फूल उत्पादकाला एकाच वेळी देऊळ, लग्न आणि गाडी तिन्ही गमवावी लागली. मॅरेथॉन दोन वर्षे झाली नाही. डिसेंबर 2022 मध्ये तिची दहावी खेप धावली तेव्हा गर्दी परतली.

आलेल्या गर्दीला आपला माल कसा विकायचा, याचे उदाहरण जवळच आहे. आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला 2013 पासून चिकू महोत्सव सुरू झाला. पाहुण्याला बागेत नेऊन चिकू कसा उतरवतात ते दाखवायचे, चिप्स, लोणचे, मिठाई विकायला बायकांचे बचत गट बसवायचे, ही साधी आखणी. 2016 मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. महोत्सव आणि मानांकन यांनी मिळून चिकूला नाव दिले. वसईत कुपारी संस्कृती महोत्सवाने कुपारी समाजाची कादोडी बोली, जुना पेहराव आणि खाद्यपदार्थ एका मांडवात आणून याच दिशेने पाऊल टाकले आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये भाईंदर-वसई रो-रो फेरी सुरू झाली आणि किल्ल्याच्या धक्क्यावर वाहनांसह पर्यटक उतरू लागला. त्याच्यासमोर काय ठेवायचे हे आपण ठरवायचे आहे.

माझी मागणी छोटी आहे. पाऊस सरला की ऑक्टोबरमध्ये सुकेळीचा हंगाम लागतो आणि मॅरेथॉन डिसेंबरात असते. धावपटूला मिळणाऱ्या पिशवीत सुकेळीची एक छोटी पुडी असावी. तिची मागणी महापालिकेने गणेशोत्सवानंतर आगाशीच्या बायकांच्या गटांकडे लेखी नोंदवावी, भाव आधी ठरवावा आणि निम्मी रक्कम उचल म्हणून द्यावी. म्हणजे राजेळी बाजारातून विकत घेताना त्यांना कर्ज काढावे लागणार नाही आणि पुढच्या वर्षी कोणीतरी राजेळीची चार रोपे जास्त लावील.