डांबराच्या कारखान्यांतील पारखी

पावसाळा सरत आला कीं नाशिककरांच्या घरोघरीं एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे रस्त्यांवरील खड्डे. दोष कधीं ठेकेदारावर जातो, कधीं महानगरपालिकेवर, कधीं पावसावर. आज ज्या माणसाविषयीं मला बोलावयाचें आहे, त्याचें नांव या वादांत कोणीच घेत नाहीं. तो असतो रस्त्यापासून कांहीं कोस दूर, डांबरी मिश्रण तयार करणाऱ्या कारखान्यांत. यंत्रें धड ठेवणें आणि मालाची परीक्षा करणें हीं दोन्ही कामें पुष्कळदां त्या एकाच तंत्रज्ञाकडे असतात. तीं तशीं असणें केवळ काटकसरीचें नव्हे, तर योग्यहि आहे, असें माझें मत आहे.

कारखाना चालतो तो असा. आपल्या जिल्ह्यांतील काळ्या बेसाल्टची खडी पट्ट्यावरून एका फिरत्या लोखंडी ड्रममध्यें जाते. तेथें बर्नरची ज्वाळा तिच्यांतील पाणी उडवून तिला तापविते. मग चाळण्यांवर तिचे आकार वेगळे होतात, वजनपेटींत ठराविक वजन पडतें, आणि खालच्या मिक्सरमधील फिरतीं पातीं तिच्यावर गरम डांबर घोळतात. (ज्याला आपण सवयीनें डांबर म्हणतों तें वस्तुतः खनिज तेल शुद्ध करतांना तळाशीं उरणारें बिटुमेन होय, दगडी कोळशाचें डांबर तें निराळें.) हें घोळणें एका मिनिटाच्या आंत आटोपतें, आणि रस्त्याचें आयुष्य बव्हंशीं त्याच मिनिटांत ठरतें.

डांबर लागतें तरी किती? जून २०२२ मध्यें अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरांचा एकपदरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालण्याचा जागतिक विक्रम झाला. त्यासाठीं लागलेल्या ३६,६३४ टन मिश्रणांत डांबर होतें अवघें २,०७० टन. म्हणजे शंभरांत साडेपांचांहून थोडें अधिक. तें कमी पडलें तर खडी सुटते व पाणी आंत शिरतें. अधिक झालें तर वैशाखाच्या उन्हांत रस्ता मऊ पडून चाकोऱ्या उमटतात. नियमांत मुभा आहे ती शेकडा ०.३ ची. एक टनाच्या घाण्यामागें ही मुभा अवघ्या तीन किलोंची झाली!

हे तीन किलो चुकतात कोठें? डांबर तोलण्याच्या भांड्याला आंतून थिजलेल्या डांबराचें पुट चढतें. वजनपेटी आणि तिची चौकट यांच्या फटींत एखादा खडा अडकतो. पडद्यावरचा आकडा मात्र बिनचूक दिसतो. उष्णतेचेंहि तसेंच. नेहमीच्या व्हीजी-३० जातीच्या डांबराचें मिश्रण १५० ते १६५ अंश सेल्सियस असावें, असा दंडक आहे. उष्णता मोजणाऱ्या सळईवर धुळीचा थर बसला कीं ती खरी उष्णता उशिरां दाखविते. तोंवर बर्नर आणखी पेटविला जातो, खडी वाजवीपेक्षां तापते, आणि तिच्यावर पातळ पसरलेलें डांबर तत्काळ करपतें. करपलेलें डांबरहि काळेंच दिसतें. असा रस्ता पहिले कांहीं महिने छान वाटतो, पुढें ठिसूळ होऊन भेगाळतो. ज्याच्या हातानें ती सळई पुसली जाते, त्यालाच परीक्षेंतील दोषाचें मूळ लवकर सांपडतें.

प्रयोगशाळेंतील मुख्य कसोटी अमेरिकेंतील मिसिसिपी संस्थानच्या रस्तेखात्यांतले ब्रूस मार्शल यांच्या नांवानें ओळखली जाते. गरम मिश्रणाची चार इंच व्यासाची वडी करून तिच्या प्रत्येक बाजूस साडेचार किलोंच्या हातोड्याचे ७५ घाव घालतात. थंड झालेली ती वडी ६० अंशांच्या पाण्यांत अर्धा तास ठेवून, दाबून फोडतात. तिनें किती भार सोसला आणि ती किती दबली, हें त्यांवरून कळतें. तिच्यांत शेकडा तीन ते पांच पोकळीहि असावी लागते, कारण उन्हानें फुगणाऱ्या डांबराला जागा हवी.

परंतु वडीचा निकाल हातीं येईपर्यंत तो माल रोलरखालीं गेलेला असतो. म्हणून उष्णतामापक आणि डोळा यांवरच डंपरपाशीं उभें राहून निर्णय घ्यावा लागतो. निळसर धूर निघाला तर माल करपला. पांढरी वाफ निघाली तर खडींत पाणी राहिलें. ढीग उभा न राहतां पसरला तर डांबर वा ओल अधिक. तपकिरी व निस्तेज दिसला तर डांबर कमी. असा डंपर परत फिरविणें सोपें नसतें. आंत कित्येक टन माल असतो, तिकडे मजूर व रोलर खोळंबलेले असतात, आणि "एवढी खेप जाऊं द्या, साहेब" असें म्हणणारा मालकाचाच माणूस असतो. त्याच मालकाकडून पगार घेणाऱ्यानें "नाहीं" म्हणावयाचें! माझ्या मतें परीक्षकाच्या नोंदवहीवर मालकाबाहेरील कोणाची तरी नजर रोजच्या रोज असावी. नाशिकलाच १९५९ सालीं स्थापन झालेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आपली 'मेरी', आहे. पण प्रत्येक खेपेपाशीं ती कशी पोहोंचणार?

चांगला मालहि वाटेंत बिघडतो. पसरतांना तो १४० अंशांखालीं नसावा, आणि ९० अंशांवर उतरण्यापूर्वीं रोलर फिरून झाला पाहिजे. कसारा घाटांत वाहनें तुंबलीं, तर ताडपत्रीखालचा माल निवूं लागतो व पुढें नीट दबत नाहीं.

या कामांत जिवाची जोखीमहि आहे. मिक्सरचीं पातीं बदलण्यास आंत उतरणारा शहाणा माणूस विजेच्या कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशांत ठेवतो. तापलेल्या डांबराच्या टाकींत थोडें जरी पाणी गेलें, तरी त्याची सोळाशेंपटीहून अधिक वाफ होऊन डांबर फेसाळत बाहेर उसळतें.

पावसाळ्यांत बहुतेक कारखाने थंड असतात. तोच दुरुस्तीचा हंगाम. ओली खडी वाळविणेंहि परवडत नाहीं. शेकडा एक ओल वाढली कीं टनामागें सुमारें पाऊण लिटर इंधन अधिक जळतें. बारीक खडीच्या ढिगावर साधें पत्र्याचें छप्पर घातलें तरी पुष्कळ वांचतें, पण तेंच पुष्कळ ठिकाणीं दिसत नाहीं. ऑक्टोबरांत बर्नर पेटविण्यापूर्वीं आपला तंत्रज्ञ वीस-वीस किलोंचीं प्रमाणित वजनें एकेक करून वजनपेटीला टांगतो, पडद्यावरचा आकडा वहींत उतरवितो, आणि दोन्ही जुळले तरच पहिला घाणा सोडतो.