तारण आणि तारणाची खात्री : दोन प्रश्न वेगळे ठेवा

नेट-सेटचा अभ्यास करताना मॅक्स वेबर सगळ्यांनाच भेटतो. त्याच्याबरोबर एक वाक्यही हमखास भेटतं : ‘कष्ट केले की स्वर्ग मिळतो असं कॅल्विनपंथी मानत, म्हणून भांडवलशाही वाढली.’ पीएचडीच्या प्रस्तावात हे लिहिलंत, तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल. कारण कॅल्विनपंथी याच्या बरोबर उलट मानत.

आधी ‘कृपा’ म्हणजे काय ते बघू. माणसाची लायकी न पाहता देवाने दिलेलं दान, ती कृपा. सोळाव्या शतकात जिनिव्हात शिकवणाऱ्या कॅल्विनच्या मते कोणाचं तारण होणार हे देवाने आधीच ठरवलेलं आहे. म्हणजे कष्ट करून, दानधर्म करून ते विकत घेता येत नाही.

मग माणसं राबत का होती? इथे दुसरा प्रश्न येतो : निवडलेल्यांमध्ये मी आहे का? वेबरचा सगळा युक्तिवाद या प्रश्नावर उभा आहे. शिस्तीने केलेलं काम ही तारणाची किंमत नव्हती, ती तारणाची खूण होती. किंमत आणि खूण यांत गल्लत केली की वेबर हातातून निसटलाच म्हणून समजा.

या दुसऱ्या प्रश्नाला चर्चने एकच उत्तर दिलेलं नाही. कॅल्विनच्या मते खात्री ही श्रद्धेचाच भाग, आणि ती स्वतःकडे नव्हे तर ख्रिस्ताकडे पाहून मिळते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ साली सांगितलं की देवाने खास प्रकट केल्याशिवाय आपण निवडलेले आहोत असं कोणी ठामपणे म्हणू शकत नाही. पुढे १६४० च्या दशकात इंग्लंडमधल्या वेस्टमिन्स्टरच्या कबुलीजबाबाने वेगळी वाट काढली : खात्री मिळू शकते, पण खऱ्या भाविकालाही त्यासाठी दीर्घकाळ झगडावं लागू शकतं.

माल्कम मॅकिनन यांनी १९८८ साली वेबरवर आक्षेप घेतला तो नेमका इथेच. खात्रीचा मार्ग भाविकाला उपलब्ध होता, तर वेबर म्हणतो तेवढी चिंता उरते कुठे? बघा, वाद अर्थशास्त्राचा वाटतो, पण निकाल लागतो धर्मशास्त्राच्या एका बारकाव्यावर.

आता आपल्याकडचं उदाहरण. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पण १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आणि हे कळलं बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी. ‘धर्मांतर कधी झालं?’ एवढंच विचारणारा अभ्यासक १८८३ लिहून मोकळा होईल. मधल्या आठ वर्षांतली तगमग, जी बाईंच्या दृष्टीने खरी गोष्ट होती, त्याच्या नोंदीत येणारच नाही.

म्हणून कोणतंही साधन वाचताना दोन गोष्टी विचारा. एक, हा मजकूर तारण कसं होतं ते सांगतोय, की ते झालं हे कसं ओळखायचं ते? दोन, बोलतंय कोण : पंथाचा अधिकृत ठराव, धर्मगुरूचा सल्ला, की भाविक स्वतः? ठरावात खात्री लिहिलेली असते, म्हणून ती भाविकाच्या मनात होती असं होत नाही. त्या दोहोंमधल्या अंतरातच बहुतेक वेळा तुमचा संशोधनाचा प्रश्न सापडतो.